सुईणीचा देव आणि तीन सुटे फर्मे

तिला सगळी गल्ली दाभणबाई म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पुस्तक शिवण्याआधी कागदाला भोकं पाडायचा दाभण तिच्या अंबाड्यात कायम खोचलेला असायचा, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगत. पण तिच्या जिभेशी ज्याची एकदा गाठ पडली, त्याला खरं कारण विचारावं लागत नसे.

बाइंडिंगचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी कापायचं मशीन, खिडकीखाली तिची शिवणाची जागा, आणि पार आत, जिथे वारा लागत नाही तिथे, नवऱ्याची शेगडी आणि खळीचं पातेलं. नवरा स्वभावाने अगदी मऊ. चिकटवायची खळ शिजवणं, पुठ्ठा चढवणं, जुन्या पुस्तकाची पाठ खरवडून साफ करणं ही त्याची कामं. कापणं आणि शिवणं हिची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एकमेकांच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं. संसार टिकला तो त्यामुळेच, असं दाभणबाईचं ठाम मत होतं. मत काही खोटं नव्हतं. फक्त पुढे जो घोळ झाला तोही त्यामुळेच झाला.

आजवर हजारो पुस्तकं तिच्या हातांखालून गेली होती आणि त्यांतलं एकही तिने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. "मी पाठ बघते, पोट बघायला तुम्ही आहात," असं ती गिऱ्हाइकांना सांगे. देवाशी तिचं वागणं नवऱ्याशी होतं तसंच, म्हणजे हुकमाचं. सकाळी दुकान उघडताना वर बघून ती दिवसाची कामं सांगून टाकायची. "पाऊस संध्याकाळी पाड, दुपारी पुठ्ठे वाळत घालायचेत." देव ऐकायचा की नाही हा भाग वेगळा, पण सांगून ठेवलेलं बरं.

तर या दाभणबाईच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा लेकीनेच पसंत केलेला, चांगला हसतमुख. पंचाईत होती ती मुलाच्या आईची. होणाऱ्या विहीणबाई एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होत्या. गोळ्या मोजाव्यात तसे शब्द मोजून बोलायच्या. त्यांचे यजमान बसवर कंडक्टर होते. ते दोन वर्षांपूर्वी अचानक गेले, आणि तेव्हापासून बाईंचं होतं तेवढंही बोलणं आटलं. दाभणबाईला गप्प माणसांची भारी धास्ती. भांडणाऱ्याच्या मनात काय आहे ते निदान कानावर तरी पडतं! आपली बडबडी पोर या मुक्या घरात कशी नांदणार, हाच तिला घोर.

एके दिवशी विहीणबाई स्वतः दुकानात आल्या. हातात फडक्यात बांधलेला गठ्ठा होता.

"ह्यांची आहे," त्या म्हणाल्या. "शिवून द्याल? लग्नात मुलाला द्यावी म्हणते. वडिलांची आठवण म्हणून."

आत एक कादंबरी होती. पूर्वी एका मासिकाबरोबर दर महिन्याला तिचा एकेक भाग मिळायचा, सोळा पानांचा एक घडी घातलेला फर्मा. असे अकरा फर्मे कंडक्टरसाहेबांनी जमवून स्वतःच चिकटवून ठेवले होते. अकराव्या भागात कादंबरी संपली, पुढे मासिकही बंद पडलं, आणि पुस्तक म्हणून ती कोणी छापली नाही. कडा कसरीने खाल्लेल्या, पाठीवरचा जुना सरस सुकून काळा पडलेला.

"तुम्ही अगदी निश्चिंत राहा," दाभणबाई छाती पुढे काढून म्हणाली. "माझ्या हाताखालून पान इकडचं तिकडे झाल्याचं अजून कोणी सांगितलं नाही."

विहीणबाईंनी मान डोलावली आणि त्या निघून गेल्या. तेवढं एक वाक्य दाभणबाई बोलली नसती तर पुढे तिला एवढं लागलं नसतं.

आता घोळ काय झाला तो ऐका. कडा इतक्या खाल्ल्या होत्या की शिवायच्या आधीच छाटणं भाग होतं. दाभणबाईने गठ्ठा मशीनमध्ये घट्ट दाबला. छाटणीत खालचे पानांचे आकडे जाणार हे तिला दिसत होतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. अशा वेळी बाइंडर गठ्ठ्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारतो. फर्मे नंतर विस्कटले तरी रेघ जुळवली की क्रम जुळतो. तिने रेघ मारली, कडा छाटल्या, आणि ती लेकीच्या कपड्यांच्या खरेदीला बाहेर पडली.

दुपारी नवऱ्याने गठ्ठा आपल्याकडे घेतला. होणाऱ्या विहिणीचं काम, म्हणून त्याने जीव ओतला. एकेक फर्मा सुटा केला, पाठीवरचा काळा सरस ओल्या फडक्याने फुगवून पातीने असा खरवडला की पाठ नव्या कागदासारखी पांढरी झाली. सरसाबरोबर रेघ गेली. रेघेचं त्यालाही काही वाटलं नाही. आकडे आहेतच की खाली! मग त्याने अकराही फर्मे वाळायला खोलीभर पसरून ठेवले, आणि खळीच्या पातेल्याखाली जाळ करायला छाटणीतली कात्रणं घातली.

सकाळी दाभणबाई शिवायला बसली. तिने फर्मे गोळा केले, पाठ बघितली, मग खालची कड बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, माझी रेघ कुठाय?"

"अगं, आकडे कुठायत?" नवरा म्हणाला.

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि नवऱ्याला त्याही स्थितीत हसू फुटलं, त्याबद्दल त्याला जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी 'समाप्त' हा शब्द असणार, निदान शेवट तरी कळेल, म्हणून तिने कात्रणं मागितली. ती तर खळीखाली जळून गेली होती. समाप्त तेवढं आधीच समाप्त झालं होतं.

गावातल्या वाचनालयात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, सगळीकडे विचारून झालं. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. आता एकच उपाय उरला, आणि तो दाभणबाईने जन्मात केलेला नव्हता. कादंबरी वाचायची.

नवरा खळ ढवळता ढवळता मोठ्याने वाचायचा, लेक खरेदीचे कपडे आवरता आवरता ऐकायची, आणि दाभणबाई मांडीवर हात ठेवून, जणू कोणाची उलटतपासणी चालली आहे अशी बसायची.

गोष्ट एका सुईणीची आणि तिच्या भावाची होती. एका फर्म्यात सुईण अगदी कोवळी पोर. तिचा देव छताच्या झरोक्यातून खाली बघत बसलेला, चूक झाली की धरायला टपलेला. ती कपडेसुद्धा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बदलायची. दुसऱ्या एका फर्म्यात ती त्याच्याशी सौदे करते. हे बाळ वाचू दे, मी वर्षभर गोड खाणार नाही. बाळं वाचतात आणि सुईण वाळत जाते. "मूर्ख पोरगी," दाभणबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या बाळासाठी आपण का उपाशी?" पण डोळे पुसताना तिला लेकीने पकडलं.

भाऊ घड्याळं दुरुस्त करणारा. देवबिव काही नाही, सगळी चाकं आणि स्प्रिंगा, असं म्हणणारा. एका फर्म्यात बहिणीला मदत करताना तो नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या छातीला कान लावतो, बराच वेळ लावून ठेवतो, आणि मग काही न बोलता डोक्यावरची टोपी काढतो. पुढेही देवाचं नाव तो घेत नाहीच. फक्त कोणी घेतलं तर आता हसत नाही.

"हा माणूस मला पटला," नवरा म्हणाला.

क्रम लावायचं काम मग चोरपोलिसाच्या खेळासारखं रंगलं. भाऊ अमक्या फर्म्यात लंगडतो, म्हणजे पाय मोडला तो भाग आधीचा. इथे छपराला पत्रा आहे, म्हणजे आग लागून गेली. शेळीला करडं झाली ती हीच शेळी. असे आठ फर्मे बिनचूक लागले. आठव्यात सुईणीच्या हातावर एक तरणी बाई दगावते, आणि भाऊ परगावी निघून जातो.

उरले तीन. त्यांत ना भाऊ, ना शेळी, ना छप्पर. एकात सुईण देवाशी गप्प असते. बाळंतपणं करते, पण त्याचं नाव घेत नाही. लोक देवाचे आभार मानायला लागले की उठून हात धुवायला जाते. एकात ती उंबऱ्यावर बसून त्याच्याशी भांडते, सोळाच्या सोळा पानं नुसतं भांडण, श्वास न घेता. आणि एकात चालत्या गाडीत एका बाईला मूल होतं, सगळे सुटलो म्हणून जेवायला बसतात, आणि तेवढ्यात मागून जुळ्यातलं दुसरं येतं. सुईण हसत सुटते, वर बघून म्हणते, "तूही ना! कमाल आहेस!"

"आधी गप्प, मग भांडण, मग हसणं," दाभणबाईने निकाल दिला. "आधी घुमी बसते, मग तोंड उघडते, मग मन मोकळं होतं. सरळ आहे."

"मला वाटतं, आधी भांडण," नवरा हळूच म्हणाला. "भांडून दमली की गप्प. मग हसते."

"म्हणजे मी भांडून दमते असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तू कुठे दमतेस!"

लेक म्हणाली, "आधी हसते, आई. बाई गेली त्यानंतर लगेच हसते, कारण दुसरं काही सुचत नाही. रडू नंतर येतं." या पोरीला हे कुठून कळलं, या विचारात दाभणबाई क्षणभर हुकूम द्यायची विसरली.

प्रत्येकाला आपलाच क्रम खरा वाटत होता, आणि वाचून बघितलं की तिन्ही खरे वाटत होते. लग्न जवळ येत चाललं.

"अगं आई, लाव कसेही," लेक शेवटी कंटाळून म्हणाली. "वाचणारे त्याचे बाबा तर गेले. कोणाला कळणार आहे?"

दाभणबाईने सुईत दोरा ओवला. आठ फर्मे शिवून झाले. नववा हातात घेतला, दाभण लावला, आणि तिचा हात थांबला. कदाचित कोणाला कळलंही नसतं, पण ती पोर त्या घरात रोज वावरणार, ते पुस्तक तिथे फळीवर असणार, आणि आईने लबाडी शिवून दिली आहे हे तिला ठाऊक असणार. आणि ती बाई! तिच्याजवळ नवऱ्याचं म्हणून एवढं एकच उरलेलं. दाभणबाईला स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती. तिने दोरा बांधून टाकला, तीन सुटे फर्मे फडक्यात गुंडाळले आणि तडक दवाखाना गाठला.

दुपारची वेळ होती. डॉक्टर जेवायला गेले होते, बाकं रिकामी होती. विहीणबाई खिडकीमागे बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. दाभणबाईने रस्त्यात जुळवलेलं सगळं भाषण विसरून एका दमात सगळं सांगून टाकलं: रेघ, आकडे, कात्रणं, खळ, समाप्त. "चूक माझी आहे. आमच्या ह्यांची नाही, माझी. तुम्हीही ही कधीतरी वाचली असेलच. तुम्हीच सांगा क्रम, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

विहीणबाईंनी हातातली चिठ्ठी बाटलीवर लावली. मग म्हणाल्या, "मी वाचलेलीच नाही."

"म्हणजे?"

"पहिला भाग वाचला होता. लग्न नवं होतं तेव्हा. तो झरोक्यातला देव. मी मिटवून ठेवली. म्हटलं, असला देव आमच्या माहेरी होता, पुरे झाला. हे दर वर्षी वाचायचे. दर वर्षी म्हणायचे, अगं, पुढे तो बदलतो, वाच तरी. मी म्हणायची, वाचीन कधीतरी." त्यांनी चिठ्ठी सरळ केली. "राहिलं ते."

दाभणबाईने नुसता गठ्ठा पुढे सरकवला. विहीणबाईंनी हात पुसले, स्टुलावर बसल्या आणि तिन्ही फर्मे तिथेच वाचून काढले. भांडणाच्या पानांवर त्या भराभर पुढे गेल्या. गप्प असण्याच्या पानांवर थांबल्या.

"हा शेवटचा," त्या म्हणाल्या.

"गप्प? शेवटी? छे! असं कुठे असतं?"

"असतं. माझंच बघा ना. हे गेल्यापासून मी देवाशी बोलत नाही. राग नाही, काही नाही. बोलायचं काही उरलंच नाही."

"पण ती हसते ना! अहो, जुळं येतं, ती हसते, तोच शेवट! नाहीतर एवढे अकरा महिने वर्गणी कोणी भरली असती?"

"वर्गणीचा काय संबंध?"

"संबंध आहे!" दाभणबाईने खिडकीवर हात आपटला, बाटल्या किणकिणल्या. विहीणबाईंनीही आवाज चढवला. दोघी डॉक्टर परत येईपर्यंत भांडल्या, आणि डॉक्टर दारात दिसले तेव्हा विहीणबाईंचे गाल लाल झाले होते. इतके शब्द त्या दोन वर्षांत बोलल्या नसतील. दाभणबाई परत येताना हरल्यासारखी नाही, मेजवानीहून आल्यासारखी आली. क्रम मात्र ठरलाच नव्हता.

"आता काय करू हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने खळीतला हात काढला. "शिवू नकोस," तो म्हणाला. "आठ शिवलेत तेवढे पुरे. मागच्या पुठ्ठ्याला आतून मी एक खिसा लावतो, नकाशाच्या पुस्तकाला असतो तसा. तीन फर्मे त्यात सुटे राहू देत. ज्याने त्याने आपले लावावेत."

इतक्या वर्षांत तो शिवणाबद्दल पहिल्यांदा काही बोलला होता. दाभणबाईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि चक्क ऐकलं.

लग्न झालं. लेक त्या घरात रुळली. तिची बडबड तिथे खपते आहे असं जावई हसत सांगे. पुस्तक जावयाला मिळालं खरं, पण ते त्याच्या फळीवर फारसं टिकलं नाही. कधी विहीणबाई वाचायला घेत, कधी दाभणबाई मागवून घेई, आणि जावई बिचारा पिशवीतून ने-आण करी. कोणी ठरवलं नव्हतं, तरी एक रीत पडून गेली. ज्याच्याकडून पुस्तक यायचं त्याने खिशातले तीन फर्मे आपल्या क्रमाने लावलेले असायचे. दाभणबाई कायम हसणं शेवटी ठेवी. पुस्तक परत यायचं तेव्हा ती पुठ्ठा उघडून आधी खिसा चाचपायची. दर वेळी गप्प असणं शेवटी.

"असू दे," नवरा म्हणायचा. "लागतो वेळ."

"तुम्ही कसा लावता हो क्रम?" एकदा तिने विचारलं.

"मी तिन्ही एकात एक घालून ठेवतो," नवरा म्हणाला. "मला देव खळीसारखा वाटतो. वाळली की दिसत नाही, पण पानं धरून ठेवते." दाभणबाईने नाक मुरडलं, पण त्या दिवसापासून देवाला हुकूम देताना ती मध्ये जरा थांबू लागली, न जाणो त्यालाही काही बोलायचं असलं तर.

वर्ष उलटलं. एका सकाळी जावई घाईघाईत पुस्तक ठेवून कामावर गेला. हल्ली नवऱ्याला हातभार लावणाऱ्या दाभणबाईच्या हाताला खळ लागलेली होती, म्हणून तिने कोपरानेच पुठ्ठा उलटला आणि दोन बोटांनी खिशातले फर्मे ओढले. वर हसणं, मग गप्प असणं. आणि सगळ्यात शेवटी उंबरा. सोळाच्या सोळा पानं.

"अहो!" तिने अशी हाक मारली की नवऱ्याच्या हातातला ब्रश पडला. "भांडल्या! विहीणबाई भांडल्या!"

"कोणाशी? आपल्या पोरीशी?"

"देवाशी हो! देवाशी भांडल्या!" आनंदाने तिला काही सुधरेना. हात न धुता, पदर न सावरता ती रस्त्याला लागली. भाजीवाल्याने विचारलं, काय झालं बाई? "भांडण!" एवढंच ती म्हणाली आणि पुढे पळाली, भाजीवाल्याला त्यात नवीन काही वाटलं नाही.

दवाखान्यात गर्दी होती. ती तशीच खिडकीपाशी घुसली. विहीणबाईंनी तिच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि त्यांना कळलं.

"काय बोललात त्याला?" दाभणबाईने धापा टाकत विचारलं.

विहीणबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. "म्हटलं, नेलंस ते नेलंस. पण मी वाचीन म्हटलं होतं ना त्यांना! एक वर्ष थांबला असतास तर त्यांच्या तोंडून ऐकली असती ना मी पुढची गोष्ट." त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसत होत्या. "खूप बोलले. वाटेल ते बोलले. सकाळभर."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखा!" दाभणबाई म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की आतून डॉक्टरांनी घंटा वाजवली, बाकावरचे पेशंट उठून बघायला आले, आणि त्यांतल्या एकाने आपल्या बायकोला सांगितलं की ह्या दोघी विहिणी आहेत, तर तिने मुळीच विश्वास ठेवला नाही.